सर्व अहवालांतल्या फरार आरोपीस

श्री. समन्वयाचा अभाव,
मुक्काम पोस्ट : प्रत्येक सरकारी अहवालाचं शेवटून तिसरं पान,
यांस स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट नाही. पण आपलं नाव इतक्या वेळा वाचलंय की आता घरातलेच वाटता. मासळी घटते, ओरड होते, समिती बसते. समिती किनारा पालथा घालते, सुनावण्या घेते, सुरमईच्या तुकडीसकट जेवते आणि शेवटी 'विविध यंत्रणांमध्ये समन्वयाचा अभाव आढळून आला' असं लिहून सही ठोकते. आढळून तर तुम्ही दर वेळी येता. मग पकडून का आणत नाहीत? खिसेकापू सापडला तर त्याला निदान चौकीत तरी बसवतात. तुम्हाला मात्र पुढच्या समितीचं आमंत्रण.

शहरात रस्ता खोदणं, बुजवणं आणि पाइपवाले आले की पुन्हा खोदणं, या आपल्या नागरी सेवेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी मासे खाणारा माणूस. म्हणून आपण मत्स्यव्यवसायाच्या संशोधनात बजावलेल्या कामगिरीपुरतंच लिहितो.

आपलं कसब पाहायचं तर मुंबईत. वर्सोव्याला १९६१ सालापासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिच्याच जुन्या आवारात कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं मुंबई केंद्र. दक्षिण मुंबईत भारतीय मत्स्य सर्वेक्षण, १९४६ पासूनचं, स्वतःची जहाजं बाळगून असलेलं. राज्याच्या मत्स्यव्यवसाय आयुक्तांची कचेरी वर्षानुवर्षं चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालयात. मंत्रालय चर्चगेटपासून चालत. म्हणजे अंधेरी ते चर्चगेट असा पश्चिम रेल्वेचा एक पास काढला, की पश्चिम किनाऱ्यावरच्या मासळीची बरीचशी अक्कल एका दुपारी एका टेबलाभोवती बसवता येते. इतक्या अडचणीच्या जागेतही आपण ऐसपैस संसार थाटलात, याला कसबच म्हणायचं. कोची, बराकपूर, भुवनेश्वर, लखनौ, भीमताल एवढा पसारा असल्यावर कोणीही हरवेल. अंधेरी-चर्चगेटमध्ये हरवायला अंगात काहीतरी लागतं.

आता आपली कुळकथा. १९४७ च्या फेब्रुवारीत सागरी संस्था निघाली, मार्चमध्ये आंतर्देशीय. कामाची विभागणी लागतेच, त्यात वावगं काही नव्हतं. पुढे संस्था वाढल्या. आज भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे मासळीच्या आठ संस्था आहेत आणि त्यांची बरीचशी वाटणी पाण्यात मीठ किती यावर झाली आहे. खारं पाणी कोचीला, निमखारं चेन्नईला, गोडं भुवनेश्वरला, नदी-धरण बराकपूरला, डोंगरातलं थंड पाणी भीमतालला. कागदावर हे फार सुबक दिसतं. फक्त आमच्या रायगडातल्या जिताड्याला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. हा प्राणी जन्मतो खाऱ्या पाण्यात, पोरवयात खाडीने वर चढतो आणि पेण-अलिबागकडे भातशेतीलगतच्या तळ्यांत गोड्या पाण्यावर पोसला जातो. एका आयुष्यात तीन संस्थांची हद्द. त्यावर कडी म्हणजे तो आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो. त्यामुळे अर्जावर 'श्री.' लिहायचं की 'श्रीमती', इथपासूनच आपला विजय.

मंत्रालयांचा खेळ तर याहून रंगतदार. १९९१ च्या धोरणाने खोल समुद्रात परदेशी भागीदारीच्या जहाजांना दार उघडलं, मच्छीमार संघटना देशभर रस्त्यावर उतरल्या आणि मुरारी समिती बसली. तिने १९९६ मध्ये २१ शिफारशी केल्या. त्यातली एक शाळकरी पोरालाही कळेल अशी होती : सगळी सागरी मासेमारी एकाच मंत्रालयाखाली आणा. मत्स्यव्यवसायाचं नाव आणि खातं असलेलं मंत्रालय उभं राहिलं २०१९ मध्ये. तेव्हा मला वाटलं, आता तुम्हाला गाशा गुंडाळावा लागणार. कसलं काय! वाटणीत मासे नव्या मंत्रालयाकडे गेले आणि माशांचे शास्त्रज्ञ कृषी मंत्रालयातच राहिले. मत्स्य सर्वेक्षण नव्या घरी आलं. निर्यात पाहणारी एमपेडा वाणिज्यकडे. उपग्रहावरून मासळीचा माग काढणारी हैदराबादची इन्कॉइस आणि 'सागर संपदा' हे संशोधन जहाज भूविज्ञानकडे. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था सीएसआयआरमार्फत विज्ञान-तंत्रज्ञानकडे. आणि राज्यातही आपण कमी पडू नये म्हणून रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे, तर नागपूर-उदगीरची महाविद्यालयं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. 'एक ना धड भाराभर चिंध्या' असं मी म्हणणार नाही. यातली प्रत्येक संस्था आपापल्या जागी धड आहे. भारा बांधायची दोरी तेवढी तुम्ही लंपास केलीत.

हे सगळं शेवटी ज्याच्या अंगावर येऊन पडतं तो तांडेल पाहा. कोणताही धरा, ससून डॉकवरचा धरा. समुद्रात दिवसच्या दिवस काढून पहाटे होडी धक्क्याला लागलेली. बर्फ पाणी व्हायच्या आत माल उतरवायचाय. खलाशी टोपल्या वर फेकतायत, खाली कोळणी लिलावाला उभ्या, पायाखाली चिखल आणि खवले. त्या घाईत गमबूट घातलेला एक तरुण वही घेऊन येतो. तो सागरी संस्थेचा गणक. ठरलेलं बंदर, ठरलेला दिवस, उतरलेल्या होड्यांतून निवडलेली ही होडी. जाळं कुठे टाकलं? किती वाव पाणी? किती तास ओढलं? म्हाकुळ किती, बोंबील किती, खताला जाणारा बारीक माल किती? तांडेल सांगतो. चांगली जागा सोडून बाकी सगळं खरं सांगतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. मग परवानेवाले येतात, त्यांना होडीचा क्रमांक आणि जाळ्याचा प्रकार हवा. मग सागरी पोलीस, त्यांना ओळखपत्रं. आणि एखाद्या सकाळी प्रबंध लिहिणारा विद्यार्थी येतो, छापील प्रश्नावली घेऊन : 'शाश्वत मासेमारीची गरज आहे असे आपणास वाटते काय? पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत.' लिलावाचा पुकारा चालू असताना माणूस तटस्थच असतो.

चार वह्या चार दिशांना जातात. एक कोचीला, एक चर्नी रोडला, एक चौकीत, एक ग्रंथालयाच्या कपाटात. पण सहा महिन्यांनी त्यांतलं कोणी परत येऊन म्हणत नाही, की तांडेल, तुम्ही सांगितलेलं मांडून पाहिलं. अमुक महिन्यात अमुक वावात पापलेटाची पिल्लं असतात, तिथे तेवढे दिवस जाळं टाकू नका. मच्छीमार मेळावे होतात, नाही असं नाही. तिथे टोपी मिळते, कापडी पिशवी मिळते, मंत्र्यांबरोबर फोटो मिळतो. प्रश्न विचारायला सगळे होडीपर्यंत येतात. उत्तर होडीपर्यंत आणून द्यायचं काम कोणाच्याच नेमणूकपत्रात नाही. संशोधन आणि विकास यांच्यामध्ये जी फळी टाकायची, तिच्यावर तुम्ही पाय पसरून बसला आहात.

बरं, निदान बेरीज तरी एक यावी! २०१९ सालची महाराष्ट्राची सागरी मासळी कोचीच्या संस्थेने २.०१ लाख टन सांगितली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. त्याच सुमारास राज्याच्या खात्याचा वार्षिक आकडा ४ लाख टनांच्या वर होता. एकाचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, दुसऱ्याचं एप्रिलमध्ये. मोजायची रीतही निराळी. मान्य. पण दोन लाख टन मासळी एका कॅलेंडरातून दुसऱ्या कॅलेंडरात पोहत गेली असं समजायचं का? त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' अशी दोन वादळं अरबी समुद्रात आली आणि ऐन हंगामात होड्या धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. अशा वेळी दोन आकडे हाताशी असणं किती सोयीचं! भरपाई मागणारा लहान आकडा दाखवतो, विकासाचं भाषण करणारा मोठा. दोघेही शास्त्राचा आधार घेऊन बोलतात. २०२२ च्या पाहणीत देशातल्या १३५ मत्स्यसाठ्यांपैकी ९१.१ टक्के निरोगी असल्याचंही आम्ही वाचलं. शास्त्रज्ञ खोटं बोलतात असं मला मुळीच म्हणायचं नाही, त्यांची रीत त्यांच्या जागी पक्की आहे. पण रिकाम्या जाळ्याशेजारी बसून ती बातमी वाचणाऱ्याला तिचा अर्थ सांगायला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोण गेलं होतं? बहुधा आपणच.

आपला सगळ्यात देखणा बंगला मात्र समुद्रात आहे, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर. अलीकडचं पाणी राज्याचं, पलीकडचं केंद्राचं. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी राज्यसूचीत २१ व्या क्रमांकावर आहे आणि प्रादेशिक जलधीबाहेरची मासेमारी संघसूचीत ५७ व्या. बांगड्याने अनुसूची वाचलेली नाही, हा त्याचा दोष. पश्चिम किनाऱ्याला पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. केरळ मात्र आपल्या पाण्यात ५२ दिवसांची पाळतं, ९ जूनच्या मध्यरात्रीपासून. म्हणजे जूनचा पहिला आठवडा रेषेच्या पलीकडे मासा अंडी घालतो आणि अलीकडे विकला जातो. २०२३ च्या जानेवारीत तमिळनाडूच्या पर्ससीनवाल्यांना, म्हणजे थवाच्या थवा वेढणारं जाळं टाकणाऱ्यांना, सर्वोच्च न्यायालयाने १२ मैलांपलीकडे मासेमारीची अंतरिम मुभा दिली, ती आठवड्यातून दोन दिवस : सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६. न्यायालयाचं यात काय चुकलं? प्रकरण समोर आलं, वेळ ठरवून दिली. सोमवार-गुरुवार कशाच्या आधारावर असायला हवे होते, किंवा नको होते, हे सांगणारं एकमुखी शास्त्र ज्यांनी आधीच मांडून ठेवायचं, ते आपापल्या पाण्यातल्या मिठाचं प्रमाण मोजत होते.

त्यात आपला विनोदही चांगला आहे हो. हैदराबादहून रोज संदेश येतो, अगदी मराठीतसुद्धा : समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहता अमुक दिशेला, अमुक अंतरावर, अमुक खोलीत मासळी मिळण्याचा संभव. कोची सांगते, होड्यांचा ताण कमी करा, जाळ्याचा आस मोठा करा. राज्याचं खातं डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, म्हणजे लांब जाणं परवडेल. एक हात मासा दाखवतो, दुसरा हात धरून थांबवतो, तिसरा पेट्रोलपंपाचं बिल भरतो. तिन्ही हात सरकारचेच आहेत, हे तांडेलाला पटवून देता देता आमची जीभ सुकते.

महाराष्ट्रात पर्ससीनवर डॉ. वि. स. सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ साली आला. परवाने कमी करत न्या, असं त्यात स्पष्ट होतं. आदेश निघाला ५ फेब्रुवारी २०१६ ला. तारली वर्षभरात वयात येते. म्हणजे फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईतो तारलीच्या तीन-चार पिढ्या जाळ्यात गेल्या.

आपण मुळातच अजिंक्य आहात असं मात्र कोणी समजू नये. १० जुलै १९५७ ला आपण कुठे होता? ओडिशातल्या अंगुलला नक्कीच नव्हता. तोवर गोड्या पाण्यातलं मत्स्यबीज म्हणजे पुरात नदीकाठी जाळं धरून गोळा केलेला गाळसाळ. त्यात रोहू-कटल्याचे जिरे किती आणि त्यांनाच खाऊन टाकणाऱ्या खादाडांचे किती, हे तळ्यात सोडल्यावर कळायचं. अंगुलला हिरालाल चौधुरींनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्प माशांना हुकमी अंडी घालायला लावली. नुसता शोध लागून भागलं नाही. १९७१ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प निघाला. वरच्या थरात कटला, मधल्या थरात रोहू, तळाशी मृगळ, जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस : हीच मिश्र शेती वेगवेगळ्या राज्यांच्या तळ्यांत, एकाच रीतीने करून पाहायची आणि निकाल एकाच तक्त्यात मांडायचे. प्रयोगशाळेतली सुई शेतकऱ्याच्या तळ्यापर्यंत अशी पोचली. आंध्रच्या शेतकऱ्यांनी पुढे त्यात आपली डोकी लढवली आणि आज बर्फात घातलेला आंध्रचा रोहू नागपूरच्या बाजारात उतरतो. १० जुलैला दर वर्षी राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. त्या दिवशी व्यासपीठावर पहिल्या रांगेत आपल्याला पाहून मला तरी गंमत वाटते.

आंध्रचा रोहू नागपुरात यावा याचं दुःख भंडारा-गोंदियाच्या ढिवरांना विचारा. त्यांच्याकडे मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव, एकाला लागून एक. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा समाज आहे, सहकारी संस्था आहेत, नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. पण पाणी धानाचं, भराव आणि गेट पाटबंधारेवाल्यांचं, मासळीचा ठेका संस्थेचा आणि बोटुकली मिळेल तिथली, मिळेल तेव्हाची. ढिवर बोटुकली सोडतो आणि त्याला न विचारता धानासाठी गेट उघडतं. मासा पोसायला तळाशी किती पाणी राखायचं, याचं उत्तर विज्ञानाकडे आहे. पण गेटची किल्ली विज्ञानाकडे नाही.

कोळंबीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आपण साता समुद्रापार गेलात. १९९४-९५ ला पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पूर्व किनाऱ्यावरची वाघी कोळंबी झोपली. २००९ पासून व्हेनामी आली, तिने निर्यातीचे विक्रम केले आणि तिची आई अमेरिकेतून विमानाने आणली जाऊ लागली. आपली देशी पांढरी कोळंबी तोलामोलाची करायचं काम चेन्नईत चालू आहे. कोळंबीच्या रोगाचं संशोधन एका मंत्रालयाच्या अखत्यारीत, तळ्याची नोंदणी दुसऱ्याच्या, निर्यातीचा माल तिसऱ्याच्या. विषाणूला एवढ्या परवानग्या लागत नाहीत, हा त्याचा अनुचित फायदा.

आणि ३० ऑगस्ट २०२४, पालघर. त्या दिवशी एकाच कार्यक्रमात सुमारे ७६,००० कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि मासेमारी होड्यांवर संपर्कयंत्रं बसवायच्या योजनेचाही शुभारंभ झाला. ज्या किनाऱ्यावर पापलेट-घोळ वाढतात आणि ज्या किनाऱ्यावरचे मच्छीमार 'बंदर नको' म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं करत आहेत, तिथेच. वर्षभरापूर्वीच पापलेट राज्यमासा झालं होतं. होडी कुठे आहे हे आता उपग्रहावरून कळेल. तिने जायचं कुठे, ते पुढच्या टप्प्यात. अशा दिवशी आपण स्वतः सूत्रसंचालन केलंत की काय, अशी शंका येते.

आता खरं बोलतो. तुम्हाला फरार म्हणतो खरा, पण तुम्हाला लपवून ठेवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही आहात म्हणून फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडली हे लिहावं लागत नाही. तुम्ही आहात म्हणून दोन आकड्यांतला चुकीचा कोणता, हे कोणाच्या तोंडावर सांगावं लागत नाही. तुम्ही आहात म्हणून नवीन संस्था, नवीन मंडळ, नवीन कक्ष उघडता येतो, फीत कापता येते. जुन्या दोन संस्थांच्या मधलं दार उघडायला कोणी फीत लावत नाही. आरोपी कागदावर सापडलेला असला की खऱ्यांना घरी जेवायला जाता येतं. गुन्हेगाराला एवढी सन्मानाची नोकरी दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळत असेल असं वाटत नाही.

म्हणून अटकेची मागणी करत नाही. एवढंच सुचवतो, की पुढच्या अहवालात आपण एका पानापुरती रजा टाका. शेवटून तिसऱ्या पानावर तुमच्या नावाऐवजी टेबलाचं नाव, अधिकाऱ्याचं पद आणि तारीख येऊ द्या. मासळीची बेरीज वर्सोवा आणि चर्नी रोड या दोघांनी मिळून एकदा करू द्या, लोकलचा पास मी काढून देईन. आणि पुढची बैठक सप्ततारांकित हॉटेलात न घेता १ ऑगस्टला पहाटे, बंदी उठते त्या दिवशी, ससून डॉकवर घ्या. खुर्च्या मिळणार नाहीत, पण टोपल्या उलट्या करून बसता येतं. चहा चांगला मिळतो.

कळावे. लोभ कमी व्हावा, ही विनंती.

आपला,
एक मासे खाणारा

प्रत : मत्स्यव्यवसाय, कृषी, भूविज्ञान, वाणिज्य आणि विज्ञान-तंत्रज्ञान या पाचही मंत्रालयांना, माहितीसाठी. कार्यवाही कोणी करायची ते आपापसांत समन्वयाने ठरवावे.